कोल्हापुरात गिळलेलं वाक्य

पुण्याहून निघताना मी गाडीच्या डिकीत बाटलीबंद पाण्याची दोन खोकी चढवली, तेव्हा बायको म्हणाली, "कोल्हापूरला निघालाय की वाळवंटात?" मी म्हणालो, "पंच्याऐंशीला टेकलेली बाई बरोबर आहे. तिकडचं पाणी बाधलं तर जबाबदार कोण?" 'तिकडचं पाणी' हे मी ज्या पुणेरी ठसक्यात म्हणालो, तो ठसका आता आठवला की कानाच्या पाळ्या गरम होतात. पण ते पुढं येईलच.

बाई म्हणजे हारुए-सान. (सान म्हणजे आपल्याकडचं राव किंवा बाई, जपानीत नावापुढं लावायचा मान.) राहणार हिरोशिमा. अणुबॉम्ब पडला तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. आमच्या ओळखीच्या मंडळींचा एक छोटा गट दर ऑगस्टमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सभा घेतो. यंदा त्या गटानं त्यांना बोलावलं होतं आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी तसा साहित्यिक वगैरे कुणी नव्हे. कारखान्यांतल्या जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणण्यावर मी तीस वर्षं पोट भरलं. 'हा नट आवळा', 'हात घालण्याआधी वीज बंद करा' असलं माझं वाङ्मय. त्यात एक सूचना गाळली तर कुणाचं तरी बोट जातं, म्हणून मी आयुष्यात कधी एक ओळ गाळली नाही. हे मी गाडीत हारुए-सानना मोठ्या अभिमानानं सांगितलंसुद्धा.

त्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. कारण मला आता फार बोलवत नाही. मी माझ्या बहिणीची गोष्ट सांगेन आणि शेवटी एक मागणं मागेन. गोष्ट थोडी कमी-जास्त झाली तरी चालेल, साठे-सान. मागणं मात्र जसंच्या तसं पोचवा."

मागणं साधं होतं. तुमच्या देशाकडे हा बॉम्ब आहे, तो मोडून टाका. बस्स, एवढंच. पुण्याच्या सभेत मी ते पोचवलं होतं. पण तिथं जमलेली माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, आधीपासून त्याच मताची. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेली. हारुए-सान हुशार. त्या सभेनंतर मला म्हणाल्या होत्या, "यांना सांगून काय उपयोग? ज्यांना पटत नाही त्यांच्याकडं न्या." म्हणून हा कोल्हापूरचा प्रवास.

सातारा मागं पडलं, कराड गेलं. रस्त्याचं काम चालू असल्यामुळं गाडी कधी डावीकडून, कधी उजवीकडून, तर कधी कुणाच्या तरी उसातून चालल्यासारखी चालली होती. हारुए-सान खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. सगळीकडं ऊस. "हे सगळं गोड आहे?" त्यांनी विचारलं. मी व्हय म्हणालो. म्हणजे हो म्हणालो, पण कोल्हापूर जवळ आलं की जीभ अशी वळायला लागते. शहरात शिरण्याआधीच्या पुलावरून पंचगंगा दिसली. पात्र सोडून ती शेतात पसरली होती. त्या पाण्याकडं त्यांनी वळून वळून पाहिलं. पूल संपला तरी मागं बघत होत्या.

कोल्हापूरचे यजमान प्रताप सर, एका कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना मी आठवडाभर आधीपासून फोनवर छळलं होतं. फटाके नकोत. हलगी (कडाडणारं चामड्याचं वाद्य, इथं त्याशिवाय बारसंसुद्धा होत नाही) अजिबात नको. आवाज नको, गर्दी नको, जेवणात तिखट नको. कोल्हापूरकर म्हणजे प्रेमानं माणूस मारतील, अशी माझी पक्की समजूत. प्रताप सर बिचारे प्रत्येक फोनला "व्हय सर, करतो की" म्हणत राहिले. आणि खरंच, आम्ही त्यांच्या दारात उतरलो तर सारी गल्ली चिडीचूप. शेजारच्या तालमीतल्या पोरांनी हलग्या आत नेऊन ठेवल्या होत्या आणि चौकातला कर्णासुद्धा बंद. एक म्हातारे गृहस्थ पुढं येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पावणं, कवा आलासा?" कोल्हापुरात कुणी कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मनात म्हटलं, बघा, माझ्यामुळं.

सरांच्या घरातून त्यांच्या आई पाण्याचा तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आल्या. मी पुढं होऊन हात आडवा केला. "नको नको, त्यांना बाहेरचं पाणी चालत नाही. आमची बाटली आहे." आई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. हारुए-साननी मला विचारलं, "त्या काय देत होत्या?" मी म्हणालो, "पाणी. तुम्हाला बाधेल."  मी दिलेल्या बाटलीतून त्या घोटभर प्यायल्या आणि गुळाचा खडा मात्र उचलून तोंडात टाकला.

दुपारी मिसळ. मी त्यांच्यासाठी कट (वरचा तिखट रस्सा) वगळून मागवली, तर वाढणारा माणूस माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "कट न्हाय? मग मिसळ कशाला खाता? शेव खावा की." हारुए-साननी शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवलं आणि तसंच पाहिजे म्हणून खूण केली. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी चमचा थांबेना. मी दोन घास खाल्ले आणि मला असा ठसका लागला की हॉटेलमालकानं येऊन पाठीत दोन धपाटे घातले. "पावणं, आज्जीचं बघून शिका वाईच," तो म्हणाला. तेवढ्या वेळात त्या सगळ्या हॉटेलच्या आज्जी झाल्या होत्या.

संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम. प्रताप सरांनी खरोखर कमाल केली होती, सभागृह भरलेलं. पण तो कार्यक्रम कसा झाला म्हणता? आधी दीपप्रज्वलन. मग सत्कार. हारुए-सानना फेटा बांधला. तो त्यांना इतका आवडला की कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी डोक्यावरून उतरवला नाही. शाल, श्रीफळ झालं. मग अध्यक्षांचा सत्कार, मग प्रमुख पाहुण्यांचा, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा, आणि शेवटी सभागृह देणाऱ्यांचा. पहिल्या रांगेत एका बाजूला फौजेतून निवृत्त झालेली मंडळी, छातीवर पदकं लावून, ताठ बसलेली. दुसऱ्या बाजूला एक स्थानिक पुढारी आणि त्यांचे कार्यकर्ते. मी ती रांग पुन्हा पुन्हा पाहिली. हे लोक त्या मागण्यावर काय म्हणतील?

हारुए-सान उभ्या राहिल्या. त्यांनी कागद घेतला नव्हता.

त्यांची बहीण किमिए तेरा वर्षांची. त्या सकाळी शाळेच्या मुलींना शहरात घरं पाडायच्या कामाला नेलं होतं, आग लागली तर पसरू नये म्हणून मोकळी जागा करायला. हारुए घरी होती, टेकडीपलीकडच्या वस्तीत. दुपारी कुणीतरी किमिएला हातगाडीवरून आणलं. आईनं तिला आवाजावरून ओळखलं, तोंडावरून नव्हे. ती एकच मागत होती: पाणी. पाच वर्षांची हारुए पेला भरून धावत आली. मोठी माणसं म्हणाली, देऊ नको, भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो. तिनं दिलं नाही. पेला हातात धरून ती बहिणीजवळ बसून राहिली. "मलाही तहान लागली होती," हारुए-सान म्हणाल्या, "शेवटी ते पाणी मीच प्यायले. तिच्यादेखत. त्याच रात्री ती गेली."

हे सगळं मी ओळन् ओळ सांगितलं.  सभागृहात कुणी हलत नव्हतं. पदकंवाल्यांतल्या एका दांडग्या गृहस्थानं रुमाल काढून डोळे टिपले.

मग हारुए-साननी मागणं मागितलं. बराच वेळ बोलल्या. तुमच्या देशाकडे हा बॉम्ब आहे, तुम्हाला राग येईल, तरी मी मागते, तो मोडून टाका. मी माझ्या देशालाही सांगते की दुसऱ्याच्या बॉम्बच्या आडोशाला उभे राहू नका, आणि तिथंही लोकांना ते आवडत नाही. एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात जोडले, आपल्यासारखे, आणि फेट्यासकट कमरेत वाकल्या. तशाच वाकून राहिल्या, मी बोलेपर्यंत.

आणि मी, तीस वर्षांत एक ओळ न गाळलेला मी, पहिल्या रांगेकडं बघून म्हणालो, "जगात सर्वत्र शांतता नांदो, अशी त्या प्रार्थना करतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. हारुए-साननी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

एवढ्यावर संपतं तर निदान एकच पाप पदरी पडलं असतं. मग पुढारी बोलायला उठले. आज्जींच्या दुःखाबद्दल ते चार शब्द चांगले बोलले. शेवटी म्हणाले, "जपानकडं तवा त्यो बॉम्ब न्हवता, म्हणून त्यांच्यावर पडला. आपल्याकडं हाय! आता कुणाची टाप हाय का आपल्याकडं वाकड्या नजरेनं बघायची?" शिट्ट्या, टाळ्या, सगळं सभागृह दणाणलं. हारुए-सान माझ्याकडं झुकल्या. "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "तुमचे आभार मानताहेत."

त्या हसल्या आणि आपल्या लहानशा हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. बॉम्ब असल्याबद्दलच्या त्या टाळ्यांमध्ये हिरोशिमाची बाई टाळ्या वाजवत होती, फेटा बांधून, मनापासून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण धरणीला कोल्हापुरात दुसरी कामं असावीत. मी तिथंच उभा होतो आणि तोंडावर मंद हसू ठेवून होतो.

कार्यक्रमानंतर तो रुमालवाला दांडगा गृहस्थ पुढं आला. मुक्काम पोस्ट गडमुडशिंगी, शहराला लागूनच. गावात त्यांना मेजर म्हणतात. (फौजेतून परत आलेल्या कुणालाही इकडं मेजर म्हणतात, हुद्दा काहीही असो.) "उद्या आज्जीला घिऊन घरला या," ते म्हणाले. "उद्या त्यांच्या भणीचा दिस हाय न्हवं?" दुसऱ्या दिवशी सहा ऑगस्ट, हे त्यांच्या लक्षात होतं. आमचं जोतिबाला जायचं ठरलं होतं. पण हारुए-सान म्हणाल्या, देवळात नंतर जाऊ, या माणसाकडं जाऊ.

जेवताना त्या खुशीत होत्या. पांढरा रस्सा दोनदा घेतला. म्हणाल्या, "साठे-सान, मी किती गावांत हे मागितलं असेल! लोक मान खाली घालतात, नाहीतर उठून जातात. आज ज्यांच्या देशाकडे बॉम्ब आहे त्यांनी माझं मागणं ऐकून टाळ्या वाजवल्या. आता कधी मरण आलं तरी चालेल. किमिएला सांगायला काहीतरी आहे माझ्याकडं."

 त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. वर म्हणालो, "हो, कोल्हापूरचे लोक मोठ्या मनाचे आहेत." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

सकाळी गडमुडशिंगीला गेलो. पाऊस उघडला होता. मेजरांचं घर रस्त्याला लागून, मागं ऊस, आणि उसाच्या कडेला त्यांचं गुऱ्हाळ (उसाचा रस आटवून गूळ करायची जागा). हंगाम नसल्यामुळं चुलाण थंड, आणि त्यावरची काहील, म्हणजे रस उकळायची भली थोरली लोखंडी कढई, धुऊन बाजूला पालथी घातलेली. आजूबाजूच्या बायका आज्जीला बघायला जमल्या होत्या. मेजरांच्या पत्नी, त्यांना सगळे आक्का म्हणतात, तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन पुढं आल्या.

सवय! माझा हात आपोआप आडवा झाला. "पाणी नको. बाटली आहे त्यांची."

आक्का जागच्या जागी थांबल्या. मग जे बोलल्या ते अख्ख्या आळीनं ऐकलं. "भण पाण्याबिगर गेली म्हनं हिची. ह्यांनी राती घरी येऊन सांगितलं, मला झोप न्हाय. आन तुमी आज, त्याच दिशी, माझ्या दारात हिला पाणी नगं म्हणतायसा? कोण वं तुमी? हिला इचारलासा का, नगं का पायजे?"

खरंच विचारलं नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं.  हारुए-साननी माझ्या आडव्या हाताखालून स्वतःचे दोन्ही हात पुढं केले, तांब्या घेतला आणि वरून धार धरायचा प्रयत्न केला. बायका हसायला लागल्या आणि निम्मं पाणी हारुए-सानच्या सदऱ्यावर गेलं. उरलेलं त्या घटाघट प्यायल्या. आक्कांनी पदरानं त्यांची हनुवटी पुसली. (जाता जाता सांगतो, त्या पाण्यानं त्यांना काही झालं नाही. पोट बिघडलं ते माझं, बाटलीचं पिऊन.)

मी घामाघूम होऊन चुलाणाच्या कडेला बसलो. मेजर शेजारी येऊन बसले. मला वाटलं, बायकोच्या बोलण्याबद्दल माफी मागतील. कसलं काय.

"पावणं, एक इचारू? राग मानू नगासा. काल म्हातारी शेवटाला लई बोलली. तुमी एका वाक्यात उरकलासा. मधलं कुटं गेलं?"

"तसंच होतं ते," मी म्हणालो. "शांततेची प्रार्थना."

"न्हाय. तिनं हात जोडलं. आमच्याकडं बघून जोडलं, वर बघून न्हाय. शांतता मागाय माणूस देवाकडं बघतं. आमच्याकडं बघून हात जोडलं म्हंजी आमच्याकडनं कायतरी पायजे हुतं. काय पायजे हुतं?"

माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना. मग मी सांगितलं. जसंच्या तसं. मला तुमचीच भीती वाटली, तुमच्या पदकांची, तुम्ही सगळे उठून चपला घालून निघून जाल याची, हेही सांगितलं.

 "मी उठून गेलो असतो का न्हाय ते मी बघितलं असतं की," मेजर म्हणाले. "तुमी कोण ठरवनार? मी बर्फात वर्सं काडली. मला तिचं पटनार न्हाय, आत्ताच सांगतो. पर सात समिंदर वलांडून बाई माझ्या फुडं हात जोडती, आन मी काय समजून टाळ्या वाजवतोय? येड्यागत? ते लई वंगाळ केलासा बगा. आता तिला सांगा."

"कुणाला?"

"म्हातारीला. आन कुनाला? तिला कळाय नगं?"

मी उठलो. आयुष्यात जपानी बोलताना माझी जीभ इतकी जड कधी झाली नव्हती. हारुए-सान बायकांच्या मध्ये बसल्या होत्या. कुणीतरी त्यांच्या केसात अबोलीचा गजरा माळला होता. मी गुडघे टेकून बसलो आणि सांगितलं. की काल मी तुमचं मागणं पोचवलं नाही. की लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या वाक्याला. आणि ते पुढारी आभार मानत नव्हते, आपल्याकडं बॉम्ब आहे म्हणून अभिमानानं सांगत होते, आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरचं कालचं ते तेज माझ्यासमोर विझलं. मी बघत होतो. बघणं भाग होतं.

"तुम्हाला कशाची भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या रागाची."

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "दर वेळी वाटते. म्हणून तर मी हात जोडते."

त्यांनी मला माफ केलं नाही. ते ठीक आहे, असंही म्हणाल्या नाहीत. ते ठीक नव्हतंच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कालच्या त्या सगळ्या लोकांना पुन्हा एकत्र करता येईल का?" मी ते मराठीत सांगून प्रताप सरांकडं पाहिलं. ते आमच्याबरोबर आले होते, कोपऱ्यात उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. कुठून एकत्र करणार? कोण कुठल्या गावाहून आलं होतं.

"मग हितं सांगा की," मेजर म्हणाले. "हितं मानसं न्हाईत व्हय?"

हारुए-सान उभ्या राहिल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या. या वेळी मी एक शब्द गाळला नाही. बायकांमध्ये चुळबुळ झाली. एक धिटुकली सून पुढं होऊन म्हणाली, "आज्जी, आपण मोडला आन शेजारच्यानं न्हाय मोडला तर? त्यो टाकंल की आपल्यावर."

हारुए-सान विचार करून म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही. मला एवढंच माहीत आहे की तो एकदा पडला की पाणी कुणी द्यायचं आणि कुणी प्यायचं, तेही कळेनासं होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेजरांनी मान हलवली, नाही अशी. "न्हाय पटत," ते म्हणाले. "पर ऐकलं." ते 'ऐकलं' मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा हारुए-साननी त्यांच्यापुढं वाकून नमस्कार केला. मेजर गडबडून गेले आणि त्यांनी त्यांना कडक सलाम ठोकला.

मग आक्कांनी विचारलं, आजच्या दिवशी तुमच्याकडं भणीसाठी काय करत्यात? हारुए-सान म्हणाल्या, पाणी ठेवतो. आक्का म्हणाल्या, एवढंच ना? त्यांनी आणि चार बायकांनी मिळून ती पालथी काहील सुलटी केली. मेजर मध्ये पडायला गेले तर त्यांना "सरका, गुडघं दुखत्यात न्हवं तुमचं" म्हणून बाजूला सारलं. आक्कांनी घरातून पहिला तांब्या आणून काहिलीत ओतला. "नाव काय म्हनला भणीचं?" "किमिए." "किमिएबाई, पाणी घ्या," आक्का म्हणाल्या, सरळ, घरी आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं. मग एकेक बाई आपापल्या घरी जाऊन कळशी, तांब्या, पातेलं, हाताला लागेल ते भरून आणत राहिली. प्रत्येक जण ओतताना नाव घेई. ती धीट सूनही आली. मेजरही आले, पितळी लोटा घेऊन. पटत नव्हतं तरी आले. काहील तळापासून हातभर भरली आणि हारुए-सान तिच्या काठाला धरून रडल्या. आदल्या दिवशी सभागृहात त्या रडल्या नव्हत्या.

मलाही पाणी ओतावंसं वाटलं. पण डिकीतली बाटली आणून ओतायची लाज वाटली, आणि दुसरं पाणी माझ्याकडं नव्हतं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता आपला भरलेला तांब्या माझ्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर पुलापाशी पंचगंगा अजून तशीच पसरलेली होती.  हारुए-सान गडमुडशिंगीबद्दल बोलल्या, आक्कांबद्दल बोलल्या. माझ्याबद्दल एकच वाक्य: "यंत्राच्या पुस्तकात चूक राहिली तर तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "दुरुस्तीचं पान छापून पाठवतो. ज्यांच्याकडं पुस्तक गेलंय त्या सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "मग?" आणि खिडकीकडं वळल्या.

त्या आता त्यांच्या देशी परत गेल्या. मी पुण्यात माझ्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. त्या सभागृहातली माणसं कुठं-कुठं पांगलीत, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या हाती हे पडलं, तर मिसळ, फेटा, पंचगंगा हे सगळं सोडून द्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या ते वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. फेटा बांधलेली ती बाई तुमच्याकडं बघून, हात जोडून जे म्हणाली, ते हे:

"पेला माझ्या हातात होता. मोठी माणसं म्हणाली देऊ नको, म्हणून मी दिला नाही. मी पाच वर्षांची होते. तुम्ही मोठी माणसं आहात. मी माझ्या देशालाही सांगते की दुसऱ्याच्या बॉम्बच्या आडोशाला उभे राहू नका, आणि तिथंही लोकांना ते आवडत नाही. तुमच्या देशाकडे हा बॉम्ब आहे. तुम्हाला माझा राग येईल, तरी मी मागते. तो मोडून टाका."